आभासी फाटकावरील संप



संप म्हटला की डोळ्यांपुढे उभे राहते ते बंद फाटक आणि त्यासमोर उन्हात बसलेले कामगार. २७ सप्टेंबर २००७ रोजी आयबीएमच्या इटलीतील कामगारांनी केलेल्या संपाला असे फाटक नव्हते. तो झाला ‘सेकंड लाइफ’ या संगणकावरील आभासी जगात. तेथे माणूस एका चित्ररूपाने वावरतो. त्या रूपाला आपल्याकडचाच ‘अवतार’ हा शब्द जगभर रूढ झाला आहे.

तंटा मात्र आभासी नव्हता. कामगारांनी माफक पगारवाढ मागितली होती. व्यवस्थापनाने उलट वर्षाकाठी सुमारे १,००० युरोंचा बोनसच काढून घेतला. सुमारे ९,००० कामगारांच्या मिळकतीवर हा घाला होता. आयबीएमने सेकंड लाइफमध्ये मोठ्या हौसेने आपली बेटे उभारली होती. मिलानजवळील विमेरकाते येथील कामगार प्रतिनिधींनी ‘युनी’ या आंतरराष्ट्रीय कामगार महासंघाच्या साहाय्याने नेमके तेथेच धरणे धरले. सुमारे ३० देशांतील १,८०० हून अधिक अवतार फलक घेऊन जमले. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या इटलीतील प्रमुखांनी पद सोडले आणि बोनस परत देणारा करार झाला.

या विजयाचा अर्थ लावताना गफलत होता कामा नये. अवताराने काम थांबविल्याने कोणतेही यंत्र थांबत नाही. तेथे धक्का बसला तो कंपनीच्या प्रतिष्ठेला. आणि तो बसू शकला, कारण त्या बाहुल्यांमागे कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी, निश्चित मागणी आणि सीमा ओलांडणारी एकजूट उभी होती.

दुसरी गोष्ट मालकीची. आभासी जगातील चौक सार्वजनिक नसतो. २०२० मध्ये हाँगकाँगच्या लोकशाहीवादी तरुणांनी ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या खेळात घोषणा झळकविल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनमधील ऑनलाइन बाजारातून तो खेळच नाहीसा झाला. ज्याच्या हाती जागेची किल्ली, त्याच्या मर्जीवर तेथील सभा!

म्हणून नव्या साधनांकडे पाठ फिरवावी असे नाही. एकाच मालकाचे कामगार आज देशोदेशी विखुरलेले असतात आणि एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. त्यांना एकत्र आणणारे प्रत्येक साधन चळवळीने हाताळलेच पाहिजे. परंतु साधन म्हणजे संघटना नव्हे. अवतार क्षणात धारण करता येतो. सभासद जोडण्यासाठी मात्र खऱ्या माणसाच्या दारी पुन्हापुन्हा जावे लागते.