विमानाने जाऊ, पण हिशोब मांडून

दिल्लीच्या सरस मेळ्याला आपल्या मसाला गटाच्या चौघी जाऊन आल्या आणि त्यांनी अर्धी वाट विमानाने केली, हे एव्हाना सगळ्या प्रभागात झालं आहे. त्यावर प्रश्नही आला की गटाच्या बाईला विमान कसं परवडतं, ही चैन नाही का? प्रश्न रास्त आहे. गटाचा पैसा सगळ्यांचा, तेव्हा त्याचा जबाबही सगळ्यांना द्यायचा. म्हणून आज आम्ही हा हिशोब तुमच्यापुढे मांडतो.

आधी स्वस्त विमान स्वस्त कसं असतं ते पाहू. पूर्वी विमानाचं तिकीट म्हणजे अख्खं ताट विकत घ्यावं लागे. जेवण, सामान, हवी ती जागा, सगळं त्यात धरलेलं. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली आणि आपल्या देशात नुसती भाजी-भाकरी मिळण्याची सोय झाली. तिकिटात फक्त बसायला खुर्ची, बाकी जे हवं त्याचे वेगळे पैसे. २००६ साली इंडिगो आली, ती आज देशातली सगळ्यांत मोठी विमान कंपनी आहे. या कंपन्या शक्यतो एकाच जातीची विमानं ठेवतात, म्हणजे दुरुस्तीचं सामान आणि शिकलेली माणसं एकाच प्रकारची लागतात. एका रांगेत तीन आणि तीन अशा सहा खुर्च्या. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकायला येतात. विमान उतरलं की साधारण अर्ध्या तासात झाडून-पुसून पुन्हा निघतं, कारण उभं विमान भाडं कमवत नाही. आपल्याकडची वडापची जीप शेवटची सीट भरल्याशिवाय का हलत नाही, ते तुम्हाला सांगायला नको. धंद्याची रीत तीच आहे, फक्त विमानाची वेळ ठरलेली असते.

भाड्याची गोष्ट मात्र वेगळी. एसटीत मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. विमानात बाई म्हणून तशी सवलत नाही. मंडईत संध्याकाळ झाली की कोथिंबिरीची जुडी स्वस्त होते. विमानात बहुतेक वेळा उलटं होतं. जायचा दिवस जवळ येईल तसं तिकीट चढत जातं. दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, लग्नसराई, यांत तर विचारूच नका. मेळ्याची तारीख कळली की त्याच आठवड्यात तिकीट पाहायचं, हे पक्कं ध्यानात ठेवा.

आता आपला हिशोब. मेळा दहा दिवसांचा होता. पुण्याहून दिल्ली रेल्वेने दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. साध्या एक्स्प्रेसला एक दिवस आणि वर काही तास लागतात. गावाहून पुण्यापर्यंतची एसटी आणि स्टेशनवरची वाट पाहणं धरलं तर जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. म्हणजे जी ताई जाईल ती चौदा दिवस घराबाहेर. चौदा दिवस कोणाचं घर चालतं? ज्यांच्या घरी सून आली आहे, नाहीतर ज्यांची मुलं मोठी झाली आहेत, त्यांचं. म्हणून आपल्याकडून दरवेळी त्याच दोघी जात होत्या. त्या मेहनती आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण जिच्या हाताला कांदा-लसूण मसाल्याची खरी चव आहे, तिच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. ती कधीच गेली नव्हती. दुसरी हिशोबाला पक्की, हिंदी चांगलं बोलते, पण मुलगी दहावीला. तीही राहिली होती.

यावेळी आयोजकांना आधी विचारून आपण दोन तुकड्या केल्या. पहिल्या दोघी माल घेऊन रेल्वेने गेल्या, पाच दिवस दुकान सांभाळलं आणि विमानाने परत आल्या. दुसऱ्या दोघी विमानाने गेल्या, उरलेले पाच दिवस विक्री केली आणि राहिलेला माल, वजनकाटा, बॅनर घेऊन रेल्वेने परतल्या. रेल्वेचे दोन दिवस, विमानाचा एक आणि दुकानाचे पाच, असे प्रत्येकीचे आठ दिवस झाले. म्हशीवाल्या ताईच्या जावेने आठ दिवस धार काढायचं कबूल केलं. चौदा दिवस तिने केलं नसतं, आणि त्यात तिचा दोष नाही.

हिशोब खरा सांगायचा तर एकूण दिवस कमी झाले नाहीत. पूर्वी दोघींचे मिळून २८ दिवस जात, आता चौघींचे ३२ गेले. पण ते चार घरांत वाटले गेले, एकाच घरावर पडले नाहीत. विमानाची चार तिकिटं, एकेक पाच हजारांच्या आत, म्हणजे सगळी मिळून वीस हजारांच्या आसपास जादा खर्च आला. ही रक्कम लहान नाही. अर्धी गटाने नफ्यातून दिली, त्याचा ठराव आधी झाला होता. अर्धी ज्या त्या ताईने भरली. कर्ज कोणी काढलं नाही. शासनाच्या मेळ्यात प्रवासखर्च मिळतो, पण तो कोणत्या दर्जाचा आणि किती, हे जाण्याआधी लेखी विचारून घ्या. विमानाचे पैसे मिळतील असं मनात धरून चालू नका.

मिळालं काय? दिल्लीचं गिऱ्हाईक मसाला हातात घेऊन विचारतं, यात खोबरं किती, मिरची कोणती, भाजलाय कसा? जिने भाजला तीच समोर उभी असली की उत्तर आपोआप येतं. दोन दुकानदारांनी तिचा फोन नंबर घेतला. त्यातल्या एकाची मागणी अजून येते.

आता जायचं ठरलं तर सांभाळायचं काय, ते सांगतो. स्वस्त विमानाचा खरा खर्च सामानात लपलेला असतो. देशातल्या प्रवासाला या कंपन्यांच्या साध्या तिकिटात बहुधा हातातली पिशवी ७ किलो आणि मोठं सामान १५ किलो चालतं. वर गेलं की किलोमागे काहीशे रुपये. पंधरा किलो मसाला विमानाने नेला तर नफा तिथेच संपतो. म्हणून माल रेल्वेने. आपल्याकडे मालाचा काटा आहेच, त्यावर घरीच पिशवी मोजून निघा.

काही वस्तूंचे नियम आपल्या धंद्याला नेमके लागू पडतात. सुकं खोबरं मोठ्या सामानात चालत नाही. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. मिरची पूड आणि लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून ठेवायला लावतात. विळी, चाकू, कात्री मोठ्या सामानातच. काडेपेटी कुठेच चालत नाही. मोबाईलची पॉवर बँक मात्र हातातच ठेवायची, मोठ्या सामानात नाही. भाकरी, धपाटे, दशम्या, लाडू खुशाल न्या. आतला चहा महाग असतो. पाण्याची बाटली रिकामी न्या, तपासणी झाल्यावर आत पाणी मोफत भरता येतं.

यापेक्षा मोठी गोष्ट नावाची. पुण्याच्या विमानतळावर आपली एक ताई दारातच अडली. तिकीट काढून देणाऱ्याने सासरचं आडनाव घातलं होतं. तिच्या आधारवर अजून माहेरचं होतं. दारावरचा जवान म्हणाला, हे नाव जुळत नाही. विमानाला दीड तास होता. ताईचे डोळे भरून आले, म्हणाली, मी जाते घरी, तुम्ही जा. तेव्हा तिच्या पिशवीतून बँकेचं पासबुक निघालं. राष्ट्रीयीकृत बँकेचं, फोटोवर बँकेचा शिक्का असलेलं, सासरच्या नावाचं. गटात आली तेव्हा काढलेलं. ओळखपत्रांच्या यादीत असं फोटोचं पासबुक बसतं. जवानाने ते पाहिलं, वरिष्ठांना दाखवलं आणि तिला आत सोडलं. आपण बचतीसाठी काढलेलं पासबुक असंही कामाला आलं. पण दरवेळी पासबुकाच्या भरवशावर राहायचं नाही. तिकीट काढताना जे ओळखपत्र नेणार ते समोर ठेवायचं आणि त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचं. तिकीट हातात आलं की पुन्हा जुळवायचं. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवायचं.

विमानतळावर घाबरण्यासारखं काही नाही, फक्त वेळ हवा. दोन तास आधी पोहोचा. मोबाईलवरून आधीच चेक-इन करून ठेवा. तिथे कंपनी जागा निवडायला सांगते. काही जागांचे पैसे असतात, ते द्यायलाच हवेत असं नाही. फुकट मिळेल ती जागा घ्यायची. तपासणीत बाईची झडती बाईच घेते, पडद्याआड घेते. बऱ्याच विमानतळांवर आता भोंग्यावरून सूचना देत नाहीत, म्हणून गेटचा नंबर फलकावर बघत राहायचा आणि वाचता येत नसेल तर विचारायचं. दिल्लीला तीन टर्मिनल आहेत, त्यांतलं पहिलं बाकीच्या दोघांपासून चांगलंच लांब आहे. परतीच्या तिकिटावर कोणतं लिहिलं आहे ते रिक्षात बसण्याआधी पाहा. गुडघे दुखणाऱ्या मावशी बरोबर असतील तर चाकाची खुर्ची मोफत मिळते, पण ती दोन दिवस आधी सांगून ठेवावी. विमान चढता-उतरताना कानाला दडे बसतात. बडीशेप चघळत राहा, बरं वाटतं.

स्वस्त तिकीट काढलं म्हणून आपला हक्क स्वस्त होत नाही. पुणे-दिल्लीसारख्या अडीच तासांच्या आतल्या प्रवासाला विमान दोन तास किंवा जास्त उशिरा निघणार असेल, तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं असतं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक मागता येतं. तिकीट रद्द केलं किंवा जाणंच झालं नाही, तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळायला हवं. ते आपण मागायचं असतं. काउंटरवर मराठीत किंवा हिंदीत स्पष्ट बोला. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प राहू नका.

प्रत्येक प्रवासाला विमान हवं असं आम्ही म्हणत नाही. मुंबईला, नागपूरला, कोल्हापूरला आपली एसटी आणि रेल्वे आहेच. पण बाईच्या दिवसाला किंमत असते, आणि ती हिशोबाच्या वहीत कधी लिहिली जात नाही. ती लिहिली की कळतं, कुठे रेल्वे परवडते आणि कुठे विमान.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना आधार, पॅन आणि पासबुक घेऊन या. एकमेकींची नावं वाचून पाहू, जिथे जुळत नसतील तिथे दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी भरू. आणि पुढच्या मेळ्याची नावं ठरवताना आधी विचारा, आपला माल सगळ्यांत चांगला कोण विकेल? मग तिचं घर तिच्यावाचून किती दिवस निभेल ते तिलाच विचारा. प्रवास कसा करायचा, ते त्यानंतर ठरवू.