गोणपाटावरची माणसं



श्रोतेहो, तुमच्याजवळ आत्ता एखादी जुनी गोधडी असेल, तर हे बोलणं ऐकताना तिच्यावर हात ठेवा. आजचा विषय डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळेल असा आहे, आणि तसंही रेडिओवरून मला चित्र दाखवता येत नाही.

माझ्या आजीची एक गोधडी माझ्याकडे आहे. वर तिची दोन लुगडी, खाली आजोबांचं धोतर, मधे घरातली सगळी जुनेरं आणि एका कडेला माझ्या आईच्या परकराची निळी पट्टी. धावदोरा घालत घालत आजी चौथ्या कोपऱ्याशी आली, की तो बंद करण्याआधी आत भाकरीचा एक तुकडा ठेवायची. गोधडी उपाशी राहू नये, एवढंच कारण सांगायची. लहानपणी झोप येईपर्यंत मी तो कोपरा चाचपत पडायचे.

आज ज्या कापडांविषयी सांगायचं आहे, ती शिवली गेली आपल्यापासून फार दूर, दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात. कवी पाब्लो नेरुदांचा देश म्हणून आपल्यातल्या पुष्कळांना तो माहीत असेल. या कापडांना तिकडे ‘आर्पियेरा’ म्हणतात. शब्दाचा साधा अर्थ गोणपाट, तरट. पिठाच्या नाहीतर साखरेच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा घ्यायचा आणि त्यावर जुन्या कपड्यांच्या चिंध्यांनी चित्र शिवायचं. बहुतेक कापडं इतकी लहान, की मांडीवर सहज मावावीत.

त्यातलं एक डोळ्यांसमोर आणू या. वरच्या कडेला डोंगरांची रांग आहे, हिरवी, जांभळी, तपकिरी. हा अँडीज पर्वत. राजधानी सांतियागो त्याच्या पायथ्याशी वसलेली, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक आर्पियेरात तो येतोच. डोंगरावर पिवळा सूर्य. खाली रंगीत घरांची ओळ, झाडं, आणि मध्यभागी चुलीवर चढवलेलं एक मोठं पातेलं. भोवती बायका आणि मुलं. माणसं म्हणजे बारक्या बाहुल्या, आत चिंध्या भरून कापडावर टाचलेल्या, त्यामुळे त्या कापडातून थोड्या वर उठून येतात. चारी कडांना लोकरीची क्रोशाची किनार. लहान मुलाच्या खोलीत टांगावं असं हे चित्र. मग नजर कडेच्या घराकडे जाते. दारात एक बाई उभी आहे, तिच्या छातीवर एक इवलासा चौकोन. तो तिच्या माणसाचा फोटो. आणि वर दोऱ्याने दोनच शब्द शिवले आहेत : दोंदे एस्तान? कुठे आहेत ते?

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचं, लोकांनी निवडून दिलेलं सरकार उलथून टाकलं. आयेंदे त्याच दिवशी गेले. जनरल पिनोचेत यांची राजवट त्यानंतर १९९० पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. त्यातल्या हजाराहून अधिक जणांना घरातून, कारखान्यातून, रस्त्यातून उचलून नेलं, आणि नंतर सरकार म्हणत राहिलं की अशा नावाच्या माणसाला आम्ही पकडलेलंच नाही. 

मरण आलं तर निदान सुतक असतं. तेराव्याला माणसं जेवून जातात, घर हळूहळू पुन्हा चालू लागतं. इथे सुतक कोणत्या तारखेपासून धरायचं? कपाळावरचं कुंकू राखायचं की पुसायचं, असा प्रश्न आपल्याकडच्या बाईला ज्या तीव्रतेने पडला असता, त्याच तीव्रतेने तो त्या बायकांना त्यांच्या रिवाजांमधून पडला. रात्री दार आतून लावायचं की नाही, ताट वाढायचं की नाही. 

या बायका एकमेकींना भेटल्या त्या रांगेत. पोलीस ठाण्याबाहेर, तुरुंगाबाहेर, शवागाराबाहेर तीच तोंडं रोज दिसू लागली. लष्करी उठावानंतर महिन्याभरातच वेगवेगळ्या धर्मपंथांनी मिळून पीडितांसाठी एक समिती काढली होती, आणि तिच्या आसऱ्याने १९७४ मध्ये शिवणाचं पहिलं काम सुरू झालं. १९७५ संपता संपता सरकारच्या दडपणामुळे ती समिती बंद करावी लागली. लगेच जानेवारी १९७६ मध्ये सांतियागोचे कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेझ यांनी ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही चर्चचीच संस्था उभी केली. चर्चच्या छत्राखाली असल्याने तिला हात लावणं सरकारला जड गेलं. 

शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये, चर्चला जोडलेल्या खोल्यांमध्ये बायका आठवड्याला जमत. कोणाचा नवरा गेलेला, कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ. ज्यांचे पुरुष घरात होते त्यांच्याही नोकऱ्या गेलेल्या. चूल पेटवायला पैसे हवे होते. शिवण येत होतं. गोणपाट संस्थेकडून मिळे, तयार कापडं संस्था विकत घेई आणि परदेशी पाठवी, आणि आलेल्या पैशांतला थोडा भाग सगळ्यांच्या सामाईक निधीत जाई. पुढचं चित्र कशाचं, हे एकत्र बसून ठरे. पाणी तोडलेली वस्ती, बंद कारखान्याचं दार, मुलांसाठी चालवलेलं सामुदायिक स्वयंपाकघर, विजेच्या खांबावरून चोरून ओढलेली तार.

चिंध्यांपाशी मी नेहमी थांबते. सुरुवातीला हाताशी येईल ते कापड वापरलं गेलं. पण पुष्कळ जणींनी हरवलेल्या माणसाचेच कपडे वापरले. जो परत येईल म्हणून रोज वाट पाहायची, त्याच्या सदऱ्याला कात्री लावायची. ती पहिली कात्री चालवण्याआधी तो सदरा किती वेळा घडी घालून पुन्हा फडताळात ठेवला गेला असेल. आणि मग त्याच सदऱ्याच्या बाहीतून बोटाएवढा सदरा कापून तो बाहुलीला घालायचा, त्या बाहुलीला कापडावर त्याची जागा द्यायची. मला कोणी स्मारक म्हणजे काय विचारलं, तर पुतळ्यांच्या आधी मी हे सांगेन.

कापडावर नाव कोणाचंच नसे. नाव म्हणजे पकडलं जाणं. पण पुष्कळशा आर्पियेरांच्या पाठीमागे एक छोटा खिसा शिवलेला असतो, त्यात घडी घातलेली चिठ्ठी. पुढे काय दाखवलं आहे ते शिवणारीच्या शब्दांत, हाताने लिहिलेलं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आजीच्या गोधडीचा कोपरा आठवला, आणि तेव्हापासून या दोन गोष्टी मनात वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

चिलीत कापडावर चित्र शिवण्याची वाट याआधीच पडलेली होती. गायिका व्हिओलेता पार्रा यांनी आजारपणात अंथरुणावरून भरतकाम सुरू केलं आणि १९६४ मध्ये त्यांच्या कापडांचं प्रदर्शन पॅरिसच्या लूव्रमध्ये, तिथल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात भरलं. मात्र सांतियागोच्या या बायकांच्या वाट्याला आलेलं प्रदर्शन निराळं. शहरातल्या पाउलिना वॉ नावाच्या एका खाजगी दालनाने त्यांची कापडं भिंतीवर लावली. जानेवारी १९७७ मध्ये ते दालन पेटवून देण्यात आलं. लोकरीचे सूर्य आणि कापडी बाहुल्या, यांची कोणाला एवढी धास्ती वाटली! सरकारच्या बाजूची वर्तमानपत्रं या कापडांना देशाची बदनामी म्हणत. बायका शिवत राहिल्या. कापडं पुढेही सामानात लपून देशाबाहेर जात राहिली, आणि परागंदा चिलियन माणसांनी युरोप-अमेरिकेतली चर्चची सभागृहं, कामगार संघटनांच्या खोल्या, छोटी ग्रंथालयं मिळवून तिथे दोरीवर ती टांगली. कोणत्याही नावाजलेल्या दालनाआधी जगाने ही कला अशा खोल्यांत पाहिली.

एका आर्पियेराबद्दल सांगायलाच हवं, जरी ते सांगणं सोपं नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये सांतियागोजवळच्या लोंकेन गावात जुन्या चुनाभट्टीत पंधरा पुरुषांचे अवशेष सापडले. ऑक्टोबर १९७३ मध्ये जवळच्या खेड्यातून नेलेले ते शेतकरी आणि मजूर. त्यांत एकाच घरातला बाप आणि त्याचे चार मुलगे होते. नाहीशी झालेली माणसं खरोखर मारली गेली आहेत, याचा हा पहिला उघड पुरावा. पुढच्या वर्षी अवशेष घरच्यांना मिळणार म्हणून कुटुंबं चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमली, वाट पाहत राहिली, आणि तिकडे अधिकाऱ्यांनी ते गुपचूप सामूहिक खड्ड्यात टाकून दिले. बायकांनी त्या भट्ट्या शिवल्या. दगडी धुराडी, काळी तोंडं, वर तोच अँडीज. वर्तमानपत्रांत छापायला जे अवघड होतं, ते तरटावर राहिलं.

आणखी एक कापड. चिलीत ‘क्वेका’ नावाचा लोकनृत्याचा प्रकार आहे. स्त्री आणि पुरुष समोरासमोर, हातात रुमाल, एकमेकांभोवती फिरत नाचायचं. लग्नकार्यात, राष्ट्रीय सणाला तो हमखास असतो. ८ मार्च १९७८ रोजी सांतियागोच्या काउपोलिकान नाट्यगृहात, महिलादिनाच्या कार्यक्रमात, बेपत्ता झालेल्यांच्या नातलग बायकांनी क्वेका सादर केला. एक बाई पुढे आली, तिने रुमाल उचलला आणि एकटीच नाचली. जोडीदार जिथे असायला हवा होता, तिथे ती पाहत होती, त्याच्यासाठी वळत होती, त्याला वाट देत होती. या नाचाचीही आर्पियेरा शिवली गेली : पांढरा ब्लाउज, काळा स्कर्ट, छातीवर फोटो, हातात पांढऱ्या कापडाचा कण. मागे गाणाऱ्या बायकांची रांग. तिच्यासमोर कोणी नाही.

११ जानेवारी २०१० रोजी सांतियागोमध्ये ‘स्मृती आणि मानवाधिकार संग्रहालय’ सुरू झालं. उद्घाटन केलं राष्ट्राध्यक्ष मिशेल बाचेलेट यांनी. त्यांचे वडील हवाई दलात जनरल होते. उठावाला साथ दिली नाही म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं आणि १९७४ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. १९७५ मध्ये मिशेल आणि त्यांच्या आई, दोघींनाही छळछावणीत डांबलं होतं. या संग्रहालयात आर्पियेरांना मानाची जागा आहे, आणि ती असायलाच हवी. तरी मनात एक गोष्ट टोचते. भिंतीवर लागलेल्या कापडाची मागची बाजू दिसत नाही. खिसा भिंतीकडे जातो.

म्हणून २००८ साली उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात भरलेल्या प्रदर्शनाबद्दल मला फार जवळीक वाटते. रोबेर्ता बासिक या मूळच्या चिलीच्या. उत्तर आयर्लंडमध्ये राहायला आल्यावर त्यांनी तिथे आर्पियेरा आणि आयर्लंडच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या एकत्र मांडल्या. डेरीनेही तीस वर्षांचा रक्तपात पाहिलेला. त्या देशातही काही माणसांना मारून गुपचूप पुरलं गेलं, आणि त्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षं जागा कळली नाही. तिथल्या बायकांना आर्पियेरा समजावून सांगावी लागली नसेल. पुढे उत्तर आयर्लंडमध्ये शिवणाच्या कार्यशाळा झाल्या आणि ज्यांनी आयुष्यात कधी चित्र काढलं नव्हतं, त्यांनी आपल्या गल्लीतली दारं, आपल्या मोर्च्यातल्या पाट्या कापडावर शिवल्या.

आपल्याकडच्या गोधडीत अशी भयंकर गोष्ट सहसा नसते, हे आपलं भाग्य. पण कोणाचं काय आहे, हे तीतही लिहिलेलं नसतं. शिवणारी असेपर्यंत ती बोट ठेवून सांगते : हे तुझ्या मावशीच्या बारशाचं, हे आत्याने जाताना दिलेलं, हे दुष्काळाच्या साली घेतलेलं जाडंभरडं. ती गेली की उरतो तो फक्त रंग. आमच्या घरात आजीनंतर हे सांगू शकणारी एकटी आई आहे, आणि तिलाही आता सगळे तुकडे ओळखू येत नाहीत.

गेल्या पावसाळ्याच्या आधी उन्हात घालायला गोधडी काढली, तेव्हा चौथा कोपरा उसवलेला दिसला. भाकरीचा भुगासुद्धा आत उरला नव्हता. आईला शेजारी बसवलं. ती एकेका तुकड्यावर हात ठेवत गेली आणि मी लिहीत गेले. अकरा तुकड्यांची माणसं तिला आठवली, चारांची आठवली नाहीत. त्या चारांपुढे मी फक्त रंग लिहिले. कागदाची घडी करून कोपऱ्यात ठेवली. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि सकाळच्या भाकरीचा एक तुकडा घेऊन आली.