वनराज भाटिया : वाद्यवृंद नसलेल्या देशातला रचनाकार

(बेंगळूरु येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निनो रोटा हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. इटलीतला हा पियानोवादक संगीतकार. 'ला स्त्रादा' आणि 'द गॉडफादर' या चित्रपटांचे संगीत त्याचे. हाच माणूस बारी शहरातल्या संगीत विद्यालयाचा पंचवीसहून अधिक वर्षे संचालक होता आणि ऑपेरा, सिंफनीही लिहीत होता. समीक्षकांनी अधूनमधून नाक मुरडले, पण त्याने लिहिलेले वाजवायला त्याच्या देशात वाद्यवृंद होते. आता असाच माणूस मुंबईत जन्माला आला असता, तर त्याचे काय झाले असते? त्याचे उत्तर म्हणजे वनराज भाटिया.

भाटियांचा जन्म ३१ मे १९२७चा, मुंबईतल्या कच्छी व्यापारी घरातला. न्यू ईरा शाळेत शिकले आणि हिंदुस्थानी संगीतही शिकले. किशोरवयात चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्टो कानावर पडला आणि पोरगा पियानोच्या नादी लागला. डॉ. माणेक भगत यांच्याकडे त्यांनी पियानोची तालीम घेतली. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम.ए. झाले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. तिथून १९५४मध्ये सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले ते थेट पॅरिसला, नादिया बुलाँजे यांच्याकडे.

या बुलाँजेबाई म्हणजे विसाव्या शतकातल्या रचनाकारांचे गुरुकुलच. अमेरिकेचा कोपलंड त्यांचा शिष्य. अर्जेंटिनाचा पियाझोला साधारण भाटियांच्याच सुमारास त्यांच्याकडे होता. युरोपी थाटाच्या रचना घेऊन आलेल्या पियाझोलाला बाईंनी त्याच्या टँगोकडे परत धाडले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. बाईंची शिस्त कडक. स्वरसंगती आणि काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटींची वीण, हे घोटून घोटून पक्के करून घ्यायच्या. त्यानंतर ज्याने त्याने आपल्या मातीतले शोधायचे.

१९५९मध्ये भाटिया परतले आणि प्रश्न उभा राहिला, लिहायचे कुणासाठी? पाश्चात्य संगीत वाजवणारे लोक मुंबईत होते, उत्तम होते, पण पूर्णवेळ पगारी सिंफनी वाद्यवृंद नव्हता. तो उभा राहायला २००६ साल उजाडले. तेव्हा भाटिया ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

राजाश्रय म्हणाल, तर तोही याच काळात संपत आला होता. तुम्हा बेंगळूरुकरांना जयचामराज वाडियारांबद्दल मी काय सांगावे! म्हैसूरचे हे महाराज स्वतः पियानो वाजवणारे, लंडनच्या गिल्डहॉलची परीक्षा दिलेले. रशियन रचनाकार मेटनर याच्या ध्वनिमुद्रणांना त्यांनी पैसा पुरवला. रिखार्ड स्ट्राउसची अखेरची चार गीते १९५०मध्ये लंडनला प्रथम सादर झाली, तीही त्यांच्या आर्थिक हमीवर. पुढे महाराज कर्नाटक संगीताकडे वळले आणि त्यांनी ९४ कृती रचल्या. पण संस्थाने गेली आणि ती दारेही मिटली. भाटियांच्या वाट्याला राजा आला नाही. आला तो साबण, साड्या आणि रंग विकणारा व्यापारी.

त्यांनी जाहिराती केल्या. शक्ती सिल्क साड्यांपासून सुरुवात झाली आणि हजारो जिंगल्स झाल्या. लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स ही नावे उच्चारली तरी आपल्या पिढीच्या कानात सूर वाजू लागतात. मधली पाच वर्षे, १९६० ते १९६५, दिल्ली विद्यापीठात त्यांनी पाश्चात्य संगीतशास्त्र शिकवले. जाहिरातीला तुच्छ लेखायचे कारण नाही. अर्ध्या मिनिटात आरंभ, विस्तार आणि समेवर येणे साधायचे, हा रियाज त्यांना पुढे चित्रपटात उपयोगी पडला.

१९७४मध्ये श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आला आणि भाटियांना घर सापडले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या काळच्या हिंदी चित्रपटात संगीतकार चाल बांधायचा आणि वादकांसाठी तिचे लेखन करायचा अरेंजर. तो बहुतेकदा गोव्याचा, अँथनी गोन्साल्विस किंवा सेबास्टियन डिसूझा यांच्यासारखा. श्रेयनामावलीत त्याला मोठी जागा नसे. भाटियांना हा दुसरा माणूस लागत नसे. चालही त्यांची आणि कागदावरचा प्रत्येक वाद्याचा स्वरही त्यांचाच.

पण एवढी विद्या असून ती मिरवायची नाही, ही त्यांची खरी कमाई. 'मंथन' हा गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला चित्रपट. पटकथा आपल्या तेंडुलकरांची. त्यातले प्रीती सागरचे गाणे आठवा. बुलाँजेबाईंच्या शिष्याने तिथे विद्वत्तेचा मागमूस ठेवलेला नाही. गावातल्या बाईच्या तोंडी शोभावी अशी चाल आहे. पुढे अमूलने ते गाणे जाहिरातीत घेतले, ते उगाच नाही.

मग 'भूमिका', १९७७ची. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' आपण सगळ्यांनी वाचलेले. त्यावरच्या पटकथेत गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांचा हात. नायिकेचे आयुष्य अनेक दशके व्यापते आणि ती चित्रपटात गाणारी नटी. म्हणजे प्रत्येक दशकाचे गाणे त्या त्या दशकाच्या तऱ्हेने व्हायला हवे. भाटियांनी ते केले. सरस्वतीबाई राण्यांच्या किराणा गायकीपासून जुन्या स्टुडिओच्या नाचगाण्यापर्यंत प्रत्येक ढंग वेगळा वाजतो, आणि नक्कल मात्र कुठेच वाटत नाही. खानोलकरांच्या कादंबरीवरचा 'कोंडुरा' आणि गोव्यातल्या लोटलीच्या मारिओ मिरांडांच्या वाड्यात चित्रित झालेला 'त्रिकाल' यांचे संगीतही त्यांचेच. गोविंद निहलानींच्या 'तमस'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यांचे एकच काम ऐकायला वेळ असेल, तर 'भारत एक खोज' या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत ऐका. शब्द ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे. आधी संस्कृत, मग वसंत देवांचे हिंदी. मंत्राची चाल सरळ, चढउतार थोडे. ती समूहाच्या गळ्यात गेली की खालून दुसरे स्वर साथीला येतात आणि अवकाश एकदम खोल होतो. सृष्टीच्या आधी काय होते, या प्रश्नाला उत्तर नाही. भाटियाही ते देत नाहीत, प्रश्न तेवढा विस्तारतात. दर आठवड्याला लाखो घरांत हे वाजले आणि आपण पाश्चात्य स्वरसंगती ऐकतो आहोत, हे कुणाला जाणवलेही नाही.

या शहराशी त्यांचे अखेरचे नाते कार्नाडांमुळे. कार्नाडांच्या 'अग्नी मत्तु मळे' या नाटकावर, म्हणजे वनपर्वातल्या यवक्रीताच्या कथेवर, त्यांनी 'अग्निवर्षा' हा ऑपेरा रचायला घेतला. त्याचा काही भाग २०१२मध्ये सादर झाला, तो न्यूयॉर्कला. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. ७ मे २०२१ रोजी ते गेले.

चित्रपटाने त्यांना गिळले, असे काही जण हळहळून म्हणतात. मला ते पटत नाही. चित्रपटाने त्यांना वादक दिले, श्रोते दिले आणि रोजीरोटी दिली. अन्याय झाला तो मैफलीसाठी लिहिलेल्या त्यांच्या संगीतावर, आणि तो चित्रपटाने नव्हे, आपण केला. पियानोसाठी 'फँटसिया अँड फ्यूग' आहे, 'गुजराती नर्सरी' आहे, तंतुवाद्यांसाठी 'सिंफोनिया कॉन्चेर्टांते' आहे. बेंगळूरुत घरोघरी मुले पियानो शिकतात, लंडनच्या परीक्षा देतात, बाख वाजवतात. जरूर वाजवावा. पण इथल्या पियानो शिक्षकांना माझी विनंती आहे : पुढच्या वार्षिक कार्यक्रमात वनराज भाटियांची एक तरी रचना ठेवा. आता वाजवणारे आहेत, सभागृहे आहेत आणि श्रोतेही आहेत. सबब उरलेली नाही.