नाव भागीदाराचे, घाम मजुराचा



पुण्या-मुंबईत मागविलेले जेवण नि किराणा घरपोच आणून देणारे कितीतरी तरुण आपल्याच खेड्यांतून गेलेले असतात. कंपनी त्यांना नोकर म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. पण ही भागीदारी कसली? गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, घसरून पडला तर मोडलेले हाडही त्याचेच! दर मात्र कंपनी ठरविणार. मजुरी खेपेवर, म्हणून भर पावसातही घाई.

हे दुखणे नवे नाही. बाजारातल्या हमालालाही पूर्वी ठराविक मालक नव्हता. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मंडळात हमालांची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयींसाठी मालकांकडून लेव्ही घेतली जाऊ लागली.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ह्या तरुणांची दखल घेतली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, असे ती सांगते. पण खेपेचा किमान दर तिने ठरविलेला नाही. तोही ठरला पाहिजे.

तोवर शिक्षकबंधूंनी एवढे करावे : शहराकडे निघालेल्या मुलाला ई-श्रमवर नाव नोंदवायला सांगावे. नोंद नाही, त्याची दाद कोण घेणार?