वाटेवरचा देश



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते नदी शिकवताना उगम आणि मुख यांच्या आधी मधली गावे विचारीत. आज मी अशाच एका मधल्या गावाविषयी, युक्रेनविषयी बोलणार आहे.

आपणा बडोदेकरांना नळाने येणारा वायू नवा नाही. तेलाचे जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवता येते. वायुवाहिनी मात्र जमिनीत पुरलेली असते. विकणारा, घेणारा आणि मधला असे तिघेही तिच्यापायी एकमेकांशी जखडले जातात.

सायबेरियातील उरेंगॉयपासून उझगरोदपर्यंतची वाहिनी सोव्हिएत काळात झाली. तिच्या सामग्रीवर रेगन यांनी घातलेले निर्बंध १९८२ च्या नोव्हेंबरात मागे घ्यावे लागले, कारण खुद्द अमेरिकेच्या युरोपीय मित्रांनाच तो वायू हवा होता. पुढे १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि युक्रेन हा त्या वाटेवरचा जकातनाका होऊन बसला. दर आणि थकबाकी यांवरून २००६ मध्ये तंटा झाला. जानेवारी २००९ मध्ये तर युरोपकडे जाणारा पुरवठा सुमारे दोन आठवडे बंद पडला. तंटा दोघांचा होता. थंडीत कुडकुडले ते बल्गेरिया आणि स्लोव्हाकिया.

मग रशियाने बाल्टिक आणि काळ्या समुद्रांतून वळसे काढले. बाल्टिकमधील वाहिन्या सप्टेंबर २०२२ मध्ये स्फोटांनी फुटल्या. पण मला सर्वांत विलक्षण वाटते ते निराळेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, तरी त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे रशियन वायू युक्रेनमधूनच वाहत राहिला आणि रशिया त्याचे वाहतूकशुल्कही देत राहिला. शत्रूलाही नाका चुकवता येत नव्हता!

२०१९ चा पाच वर्षांचा करार संपला. युक्रेनने तो वाढवला नाही, आणि १ जानेवारी २०२५ रोजी प्रवाह थांबला. त्याच दिवशी मोल्दोव्हापासून फुटून निघालेल्या, रशियाकडे झुकलेल्या ट्रान्सनिस्ट्रिया या चिंचोळ्या पट्टीत घरांची ऊब आणि गरम पाणी गेले. बहुतेक कारखाने बंद पडले, वीज पाळीपाळीने जाऊ लागली. वास्तविक तुर्कस्तानमार्गे वायू धाडण्याची वाट मोकळी होती. पण गाझप्रॉमने मोल्दोव्हाच्या थकबाकीकडे बोट दाखवले आणि मोल्दोव्हाने ती थकबाकी मान्य केली नाही. वायू बंद कोणी केला, असे सरांनी विचारले असते, तर मॉस्को, कीव आणि किशिनाव येथील तीन विद्यार्थ्यांनी तीन निरनिराळी उत्तरे दिली असती. ट्रान्सनिस्ट्रियातला विद्यार्थी त्या वेळी बहुधा लाकडे आणायला गेला असता.