‘नाही’ म्हटलं, तर कागदावर काय लिहायचं?

आज आम्ही बोलणार आहोत दवाखान्यातल्या एका कागदाबद्दल.

बाळंतपणाला आलेल्या बाईचा रक्तदाब वाढलेला असतो, पायावर, तोंडावर सूज असते. डॉक्टर म्हणतात, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. घरचे म्हणतात, नाही नेत. मग एक कागद पुढे येतो : ‘आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास घेऊन जात आहोत.’ खाली नवऱ्याचा अंगठा. झालं! बाई काय म्हणाली, ते त्यात कुठेच नाही.

हेमलकशाला १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना औषधांइतकीच माडिया भाषेची गरज पडली. बोलणं कळलं नाही, तर होकार खरा नसतो आणि नकारही खरा नसतो. म्हणून कागद बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. नर्सताईला माडिया येत नसेल तर आशाताईला बोलवा.

नकारामागे कारण असतं. घरी दोन लेकरं आहेत, रोवणी चालू आहे, गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, तिथे सोबत कोण राहील? पोट कापतील ही भीती असते. आणि तिथे मेली तर गावी कसं आणायचं, हेही मनात असतं. ते कुणी बोलत नाही एवढंच. हे कारण तिच्याच शब्दांत कागदावर आलं पाहिजे. ‘समजावूनही ऐकले नाही’ एवढंच लिहिलं, तर रात्रपाळीच्या नर्सला काय कळणार? ‘लेकरांजवळ कोणी नाही’ असं लिहिलं, तर लेकरांची सोय लावता येते. गाडीभाड्याची भीती असेल तर सांगा, सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला नेणं, पुढे पाठवणं, घरी सोडणं मोफत आहे.

त्यासोबत तारीख, वेळ, तपासणीत काय आढळलं, कोणता धोका सांगितला, कोणत्या भाषेत, कोण हजर होतं, हेही लिहायचं. अंगठा बाईचा. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्या बाईला तपासणीसाठी भूल दिली होती, आणि आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं. तातडीचं कारण नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारायला हवं होतं, आईची संमती चालत नाही, असं न्यायालय म्हणालं. मग नवऱ्याची तरी कशी चालेल?

आणखी एक. मोठ्या दवाखान्यात जायला नाही म्हटलं म्हणजे रक्तदाबाच्या गोळीला, तपासणीला नाही म्हटलं असं होत नाही. जे चालेल ते उपचार तिला मिळालेच पाहिजेत. सकाळी पुन्हा विचारायचं. तिचं मन बदलू शकतं. घरी गेलीच, तर डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, रक्तस्राव, यांतलं काहीही झालं की लगेच परत आणा. आधी नाही म्हटलं म्हणून लाजू नका.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा बचत गटाच्या बैठकीत आठव्या महिन्यातच विचारून ठेवा : पुढे जायची वेळ आली तर जाशील का, सोबत कोण, लेकरं कुणाकडे? आरोग्य केंद्रात माहेरघर असेल, तर पुराआधीच तिथे जाऊन राहता येतं.