क्लिंगॉन नामांचे प्रत्यय



'स्टार ट्रेक' चित्रपटांसाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञांनी क्लिंगॉन भाषा घडवली. तिचा कोश १९८५ साली निघाला. नवख्याला तिचे नामप्रत्यय अवघड वाटतात. मराठी माणसाने मात्र भिऊ नये.

प्रत्ययांचे गट पाच, क्रम ठरलेला : आकार, वचन, खात्री, मालकी, विभक्ती. प्रत्येक गटातून फार तर एक घ्यावा. 'जुख' म्हणजे घर. त्याला 'मेय', 'विज', 'डाक' ओळीने जोडा : 'जुखमेयविजडाक', म्हणजे 'माझ्या घरांत'. आपल्या 'घर'चे 'घरा' होते. तिथे मूळ शब्द बदलत नाही.

खरी मेख अनेकवचनात आहे. बोलू शकणाऱ्यांना 'पु', अवयवांना 'डु', बाकीच्यांना 'मेय'. 'पुक' म्हणजे मूल. 'पुकपु' म्हणजे मुले. त्यालाच 'मेय' लावले, तर इकडेतिकडे विखुरलेली मुले! 'माझे' म्हणतानाही बोलणाऱ्याला 'वि', इतरांना 'विज'. मुलाला 'विज' लावणे म्हणजे त्याला वाचा नाही असे म्हणणे.

इथेच जन्मलेली आपली नातवंडे मराठी विभक्तीला अशीच बिचकतात. त्यांना एका वेळी एकच प्रत्यय द्या. मात्रा लहान, पण रोज. चुकले तर हसू नका. बोलणाऱ्याचा मान आधी, व्याकरण मागून येते.